पडद्याची कडी कोणत्या बाजूला?

पाहुणे म्हणून गेलात की लोक तुम्हाला हॉल दाखवतात. आम्हाला मात्र हॉलमधून काय दिसू नये, ते आधी सांगतात. म्हणून आमच्याकडे किस्से साचतात आणि माझं डोकं फिरतं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. मी आणि परबकाका, दोघं पार्टनर. सुतारकाम काकांचं. मापं, गिऱ्हाईक आणि फिटिंग माझं. आम्ही घडीचे पडदे बनवतो. चार लाकडी फळ्या, मध्ये बिजागऱ्या, वर गोल आणि तिरक्या रेघांचं डिझाइन. कॅटलॉगमध्ये त्याला 'मॉडर्निस्ट डिझायनर स्क्रीन' म्हणतात. काका त्याला 'लपवाछपवी' म्हणतात.

* * *

अंधेरीच्या एका मॅडमनी भिंत पाडून ओपन किचन केलं. महिनाभरात फोन! "सिंकमधली भांडी दिसतात हो. एक स्क्रीन हवी."

मी म्हटलं, "इथे आधी होती ना एक. विटांची!"

काकांनी माझा पाय दाबला.

* * *

मुलुंडला नवरा-बायको दोघंही घरून काम करणारे. दोन टेबलांच्या मध्ये पडदा बसवून आम्ही निघालो, तर नवरा म्हणतो, "हिचा आवाज तर अजून येतोय!"

पडद्यामागून बायको, "मग ऐकून तरी घे कधी!"

* * *

सांताक्रूझला सगळा हॉल राखाडी. साहेब म्हणाले, "देवघर थीमला जात नाही. पुढे स्क्रीन टाका."

त्या दिवशी काका माझ्याआधी भडकले. "देवाक विचारलात काय, तुमची थीम त्याका आवडता ती?"

* * *

बोरिवलीचं आठवलं की अजून हात शिवशिवतात. मॅडम म्हणाल्या, "आमची बाई किचनपाशी जेवायला बसते ना, हॉलमधून बरं नाही दिसत." ती बाई आमचा चहा घेऊन तिथेच उभी होती. तिच्या तोंडावर!

मी म्हटलं, "तिने रांधलेलं टेबलावर चालतं आणि ती जेवताना दिसलेली चालत नाही?"

ऑर्डर गेली. टेम्पोत काका म्हणाले, "तुझ्या तोंडाक एक कडी बसवक व्हयी."

* * *

आणि हे घाटकोपरचं. हॉलला लागून एक कोनाडा, त्यात आजींची कॉट. आजी वॉकर धरून हळूहळू, पण स्वतःच्या स्वतः चालतात. दिवसभर कॉटवर बसून आल्यागेल्याची चौकशी करतात. मुलाला नेमकं तेच खटकत होतं.

"भिंतीपासून भिंतीपर्यंत बंद करा. पाहुणे आले की आई मध्ये मध्ये येते. कडी हॉलच्या बाजूने लावा."

पोरं पडदा पाडतात म्हणून आम्ही त्याचं एक टोक भिंतीला पक्कं करतो आणि दुसऱ्या टोकाला कडी लावतो. ती नेहमी हॉलच्याच बाजूने. पण इथे आत माणूस होतं!

मी विचारलं, "त्यांना बाथरूमला जायचं झालं तर?"

"हाक मारेल ना!"

आजी सगळं ऐकत होत्या. त्यांनी वॉकर जरा जवळ ओढून घेतला. ते बघून माझं डोकं असं सणकलं! मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "गप रव गो. काम कर."

मग मी काम केलं. मुलगा ऑफिसच्या कॉलसाठी बेडरूममध्ये गेला आणि मी कडी आतल्या बाजूने बसवली. कॉटवर बसून हात पोचेल अशी. आजींनी ती एकदा लावून बघितली, एकदा काढून बघितली.

"हलकी आसा," म्हणाल्या.

निघताना मी पडद्याची घडी घालून ठेवली, कडी दिसणार नाही अशी. मुलाने लांबूनच बघितलं आणि मान डोलावली.

रविवारी त्याचा फोन आला. नुसता आरडाओरडा! गावची माणसं आली होती, खास आजींना भेटायला. आणि आजी आतून कडी लावून बसलेल्या. मागून त्यांचा आवाजही येत होता. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न ठरलं, पडद्याआडून सगळ्यांची खुशाल विचारपूस चालली होती.

"थाप मारली, ढकलून बघितलं, उघडतच नाहीये ती स्क्रीन! सगळे माझ्याकडे बघतायत! आता मी काय करू?"

मी म्हटलं, "हाक मारा ना!"