जॉयस्टिकची नरम स्प्रिंग

सिम्युलेटरवाल्या मित्रांनो, आज दुपारी घरीच जॉयस्टिकची कडक स्प्रिंग काढून नरम बसवली. तेव्हापासून स्क्रीनवर सोनेगाव विमानतळाच्या रनवेवर उतरताना विमान सारखं डुलायला लागलं.

तीनदा खोललं, परत जोडलं. डोकं फिरलं. शेवटी जॉयस्टिक बायकोच्या हातात दिली. तिनं ती आयुष्यात पहिल्यांदाच धरली, आणि विमान एकदम सरळ!

“अहो, हे तर बरोबर चालून राहिलं ना,” ती म्हणाली. मग जॉयस्टिक खाली ठेवून म्हणाली, “तुमचा हात दाखवा बरं.”

हात थरथरत होता. कडक स्प्रिंगनं इतके दिवस ते झाकून ठेवलं होतं.

मी दातांचा डॉक्टर आहे. उद्या सकाळी एका मुलीची अक्कलदाढ काढायची आहे. तिला आज फोन करून काय सांगू?