देवाजीची घटका

देवाजीचा मला हेवा वाटायचा. आज लिहितो आहे. तेव्हा कबूल केलं नसतं, जीव गेला तरी.

भंडाऱ्यातली आमची कासारांची, भांडी घडवणाऱ्यांची गल्ली. समोरासमोर दोन दुकानं, एक माझं, एक देवाजीचं. त्याचं भांडं ओबडधोबड, बोलणं मोजकं, आणि गिऱ्हाईक मात्र त्याच्याच ओट्यावर. माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती, ती म्हणजे माझ्या वडिलांनी घडवलेली घटका. घटका म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. लग्नाचे मुहूर्त तिच्यावर मोजायचे. गल्लीत कुणी नवी घटका केली की ती वडिलांच्या घटकेशेजारी पाण्यात सोडून जुळवायची. घड्याळाकडे बघून जुळवली तर ती घटका कसली, असं वडील म्हणत. तेवढाच माझा मान होता.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मुंबईच्या कॉलेजातली चार मुलं आली, तीन पोरं आणि एक पोरगी, डिझाईन शिकणारी. शहरातल्या बैठकीत शोभेल अशी नवी घटका त्यांना करायची होती: काचेचं भांडं, त्यात तांब्याची वाटी, बुडाली की तळाची घंटी वाजणार. दोन दिवस माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायले, वडिलांच्या वाटीची चित्रं काढली, आणि काम दिलं देवाजीला. का, तर त्याच्या हातोडीच्या खुणा त्यांना आवडल्या. मी घासूनपुसून लखलखीत करतो ती भांडी त्यांना म्हणे कारखान्यातली वाटतात. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

देवाजी दारात आला. "मारोतभाऊ, तुमच्या बाबाजीची घटका देता का? जुळवाची हाय."

"उद्या नेजो," मी म्हटलं. आणि तो गेल्यावर सुई घेऊन तिचं भोक थोडं मोठं केलं. दुसऱ्या दिवशी देवाजी ती घेऊन गेला आणि काम झाल्यावर परत आणून दिली.

मग त्याची फजिती ऐकायला कान टवकारून बसलो. वर्षभरात आली ती वर्तमानपत्रातली बातमी. प्रदर्शन, काचेचं घड्याळ, शेजारी देवाजीचा फोटो. त्यानं मला दोन पेढे दिले. गिळवले नाहीत.

ब्याऐंशीत माझ्या बेबीचं लग्न ठरलं, नवरा मुलगा अड्याळचा. मुहूर्त सूर्योदयानंतर सात घटकांनी. व्याही हौसेनं म्हणाले, मुलीच्या आजोबांच्या घटकेवरच लग्न लागू द्या. मी हो म्हटलं. मोठं झालेलं भोक लहान होत नाही. नवी करावी तर, घड्याळ वर्ज्य, जुळवायची कशाशी? देवाजीची फजिती झाली नव्हती, म्हणजे त्याची कशी कोण जाणे बरोबर जुळली होती; खरी चालणारी घटका आता असेल तर त्याच्याकडेच होती, आणि ती मागायची म्हणजे केलेलं सगळं कबूल करायचं. पोरीचा मुहूर्त चुकला तरी चालेल, पण त्याच्या दारात जाणार नाही. असा मी बाप.

लग्नाच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला भटजी पाण्याचं घंगाळ मांडून बसले. तेवढ्यात देवाजी आला. वडिलांची वाटी त्यानं उचलली आणि उपरण्यातून आपली काढून तिथे ठेवली. मग मला मांडवाबाहेर नेलं.

"त्या मुंबईच्या पोरीच्या हातघड्याळात तुमची घटका एकवीस मिनटातच बुडली," तो हळूच म्हणाला. "मी तिले सांगतलं, जुनी हाय, झिजली असन. मंग घड्याळ पाहूनच जुळवली."

मुलांच्या मनगटावर घड्याळं असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमच्या बाबाजीचा हात चुकत नोहता, भाऊ. अन् भोकाचा काठ नवाच चमकून राहिला होता."

"कोनाले सांगतलं?"

"काहून सांगू?" एवढं बोलून तो पंगतीच्या पत्रावळी बघायला गेला.

सातवी घटका बुडाली आणि अंतरपाट दूर झाला. तीन वर्षं हा माणूस समोरच्या ओट्यावरून रोज मला रामराम करत होता. पोरीवर अक्षता टाकताना मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला. माझ्या वडिलांना असा मुलगा शोभला असता.