काळा आलेला माड

आधीच सांगते, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी देवचाराची, भुताखेताची गोष्ट काढली, की त्याला उभं करून 'पुरावा काय?' विचारणारी बाई ती मीच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

आचऱ्यात आमचं घर, मागच्या परड्यात दोन माड. एक माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, आणि एक माझा. आम्ही जन्मलो तेव्हा बाबांनी आमची नाळ पुरून वर एकेक माड लावला होता. आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिच्या आजारपणात अक्का दोडामार्गहून दोनदाच आली, म्हणून बाराव्याला मी सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलले. या घरात आता तुझं काही नाही, इथपर्यंत. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. नंतर तिने फोन केले, मी उचलले नाहीत. हट्ट म्हणा.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत इन्फ्रारेड फोटोग्राफीचं खूळ डोक्यात शिरलं. जुना कॅमेरा, ट्रायपॉड आणि एक काळाकुट्ट फिल्टर. त्यातून आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून आधी फोकस करायचा, मग फिल्टर लावायचा आणि भर उन्हात वीस सेकंद शटर उघडं ठेवायचं. मी नेमकं उलट करत होते, त्यामुळे पहिले पन्नासेक फोटो धुरकट आले. जमलं तेव्हा मात्र तोंडवलीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं कापसासारखी पांढरी आली, समुद्र काळा! जिवंत पान अवरक्त किरण परत फेकतं म्हणून पांढरं दिसतं. पान मरू लागलं की ती चमक उतरते. इथवर सगळं पुस्तकातलं.

मग परड्यातले माड काढले. अक्काचा पांढराशुभ्र. माझा — काळा. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत.

डोळ्यांना दोन्ही हिरवेगार, माझ्यावर तर नारळ जास्तच. फिल्टर पुसला, ट्रायपॉड दुसऱ्या बाजूला लावला, तीन दिवस ओळीने काढला, शाळेतल्या सरांचा कॅमेराही आणला. तेच. शेतीतलं कळणाऱ्या एका ओळखीच्यांना दाखवलं. ते म्हणाले, कीड नाही, रोग नाही, झाड ठणठणीत आहे. नाळेवरचा माड गेला की ते माणूसही जातं, असं गावात म्हणतात; मी घाबरले. गुपचूप जाऊन रक्त तपासून आले. सगळं ठीक निघालं, तरी मनातून एक जाईना... आपण अशाच गेलो, तर अक्काशी न बोलता जाऊ.

दुसऱ्या दिवशी एसटीने दोडामार्ग गाठलं. अक्का खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती. का आलीस, एवढंही तिने विचारलं नाही. पाणी दिलं. मी मोबाईलवर फोटो दाखवला आणि काय वाटतंय ते सगळं सांगून टाकलं. तिने पदराला हात पुसले आणि फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"तो तुझो माड नाय गो," ती म्हणाली. "तुझो पयल्याच वर्षी मेलो. बाबांनी थंय दुसरो लावलो. तुझ्या नाळेची माती काढून माझ्या माडाच्या मुळात घातली. घमेला मीच धरलेलंय."

चेडवाचा, धाकट्या लेकीचा, माड मेला हे तिला कधी सांगू नको, अशी आईने शपथ घातली होती. अक्का तेव्हा सात वर्षांची. चाळीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. मी तिथेच, काजूच्या बियांमध्ये बसून रडले.

आता कुणी म्हणेल, नाळ नाही म्हणून माड काळा. पण गावातल्या निम्म्या माडांखाली कुणाचीच नाळ नाही, आणि ते सगळे पांढरे येतात. मी काढून पाहिलेत.

चतुर्थीला अक्का आठ दिवस राहायला आली. तिच्यासमोर पुन्हा फोटो काढला, पुन्हा काळाच. मी तिसऱ्यांदा फिल्टर लावायला लागले तेव्हा ती तिच्या — म्हणजे आमच्या — माडाखालून म्हणाली, "तो कॅमेरो ठेव आणि हंय येवन बस."

कारण मला आजही सापडलेलं नाही. फक्त एवढं पक्कं ठाऊक आहे, की तो फोटो सरळ आला असता, तर मी दोडामार्गला कधीच गेले नसते.