हेडसरांची आंबील

आमच्या हेडसरांइतका हट्टी माणूस अहेरीपासून चिमूरपर्यंत दुसरा सापडला, तर मी नोकरी सोडीन. तापात आंबील, लग्नाच्या पंगतीत आंबील! बदलीचा आदेश आला तेव्हाही गृहस्थ आधी वाटीभर आंबील प्याले आणि मग चष्मा शोधू लागले. चहा विचारला तर म्हणत, "बाई, कण्या शिजवून आंबवल्या का माणसाले आणखी काय लागते?"

त्यांना दुःख एकच. आमची पोरं पूर्वी घरून तुंब्यात, म्हणजे वाळवून पोखरलेल्या भोपळ्यात, आंबील आणायची. मग चौकातल्या दुकानात केशरी थंड्याच्या बाटल्या आल्या आणि तुंबेवाल्यांना बाकीचे 'जंगली' म्हणू लागले. झालं! तुंबे घरी राहिले. ज्यांना बाटली परवडत नव्हती ती पोरं काहीच पीत नव्हती, आणि उन्हाळ्यात प्रार्थनेला उभ्या उभ्या चक्कर येऊन पडत होती. सरांनी भाषणं ठोकली, फळ्यावर किडक्या दातांची चित्रं काढली, व्हरांड्यात माठभर आंबील ठेवली. माशांशिवाय कोणी फिरकलं नाही.

शेवटी त्यांनी कबड्डीची कॅप्टन, सातवीतली सुगंधा, हिच्यापुढे चक्क हात जोडले. ती सगळ्यांदेखत दोन वाट्या घटाघटा प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी माठापुढे ही रांग! आम्ही शिकवून शिकवून थकलो, आणि या पोरीनं नुसतं तोंड पुसून काम केलं. चार दिवस एकही पोर पडलं नाही. सर तर वर्गात गुणगुणायला लागले होते.

पाचव्या दिवशी तपासणीला साहेब आले. आमच्याकडे पाहुण्याला थंडा पाजल्याशिवाय मान दिल्यासारखं वाटत नाही. सरांनी सवयीनं शिपायाला चौकात पिटाळलं आणि माठ स्वतः उचलून दाराआड ठेवला. व्हरांड्यात केशरी ग्लास फिरले. पोरं खिडक्यांना नाकं लावून बघत होती.

साहेबांची जीप गेल्यावर सुगंधानं शांतपणे विचारलं, "सर, साहेबाले आंबील काऊन नाई देल्ली?"

सरांनी दाराआडचा माठ उचलून पुन्हा व्हरांड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी माठ भरलेलाच राहिला, तिसऱ्याही दिवशी. त्या दुपारी नासलेली आंबील कुंपणाशी ओतताना ते म्हणाले, "बाई, पोरायले काय बोल लावू? मलेच लाज वाटली."

त्यांची समजूत घालावी असं फार वाटलं. पण ग्लासांचा ट्रे मीच फिरवला होता, आणि उरलेला ग्लास पोरांसमोरच प्यायले होते.