डोरीनच्या कपाटातला अजगर

डोरीन अ‍ॅकरॉइडच्या काचेच्या कपाटात लग्नापासून चिनी मातीची भांडी होती. ती वृद्धाश्रमात गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, ट्रेवरनं, ती सगळी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि त्या कपाटात अजगर पाळला.

आमची गल्ली इंग्लंडमधल्या बार्न्सली गावाच्या कडेला आहे. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, भिंतीपलीकडे कोण शिंकलं तेही कळतं. त्यामुळे ही बातमी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या पबमध्ये पोचली होती.

"बायको तिकडं पाठवलीस आणि सासू घरी आणलीस का रे?" कुणीतरी विचारलं.

"सासूपेक्षा कमी खातो," ट्रेवर म्हणाले. "आठवड्यातून एकदाच."

मी त्यांच्या शेजारी राहते. विजेची कामं माझ्या शिक्षणातली, म्हणून कपाटाच्या तळाशी गरम चटई बसवायला आणि तिला तापमान सांभाळणारं यंत्र जोडायला त्यांनी मला हाक मारली. "पोरी, माझ्या हातून घर जळलं तर डोरीन मला सोडणार नाही," असं म्हणत ते टॉर्च धरून उभे राहिले. कपाटाची एक बाजू उबदार हवी, दुसरी थंड. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही, त्याला हवी तेव्हा या बाजूला यायचं, नको तेव्हा त्या बाजूला जायचं. दोन्हीकडे लपायला एकेक जागा. ट्रेवरनी त्यासाठी डोरीनच्या दोन कुंड्या उलट्या घातल्या आणि काठाला दार फोडलं. पाण्यासाठी तिचा सूप वाढायचा वाडगा. माळ्यावरून परत खाली आणलेलं तेवढं एकच भांडं.

अजगर म्हणजे तरी केवढा! आफ्रिकेतल्या जातीचं पिल्लू, करंगळीपेक्षा थोडं जाड, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. भीती वाटली की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखं गोळा व्हायचं. ट्रेवरनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. त्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. मागच्या बाकावर तिकीट तपासनीस जसा काही न बोलता बसून सगळं बघतो तसा हा बघतो, असं त्यांचं म्हणणं.

साप पाळायची हौस जुनी होती. डेपोत जेवणाच्या सुट्टीत ते सापांची पुस्तकं वाचायचे. घरी मात्र पुस्तकसुद्धा आणायची सोय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं व्हिटबीजवळ समुद्राकाठी भाड्याच्या कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला गेली होती. सकाळी डोरीननं दार उघडलं तर पायरीवर सापाची कात. साप नव्हता, नुसती कात. ती टेबलावर चढली आणि ओरडली, "ट्रेवर! बाहेर टाक ते! ट्रेवर!" वास्तविक कात बाहेरच होती. ट्रेवर हसले, आणि हसले म्हणून तिनं पूर्ण सुट्टीभर त्यांच्याशी अबोला धरला. परतीच्या वाटेवर तिनं शपथ घ्यायला लावली: घरात साप नाही, सापाचं चित्र नाही, सापाचं नावही नाही. ती त्यांनी पाळली. आता डोरीन घरात नव्हती. शपथ मोडली की संपली, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

सुरुवातीला इन्स्पेक्टरनं काही खाल्लं नाही. कारण सोपं होतं. कपाट फार मोठं होतं. नवे पाळणारे प्रेमापोटी हीच चूक करतात, पिल्लाला ऐसपैस घर देतात. मोकळ्या जागेत पिल्लाला आपण कुणाच्या तरी नजरेत आहोत असं वाटतं, आणि नजरेत असलेला प्राणी जेवत नाही. ट्रेवरनी अर्धं कपाट पुठ्ठ्यानं बंद केलं, उरलेल्यात प्लास्टिकची वेल, झाडाची साल आणि ओल्या शेवाळाचा डबा दाटीवाटीनं भरला. पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला त्यांनी मला बघायला बोलावलं. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवलेलं उंदराचं पिल्लू गरम पाण्यात घालून उबदार केलं, कागदानं टिपलं आणि लांब चिमट्यानं कुंडीच्या दारासमोर धरलं. आतून जीभ बाहेर आली, आत गेली. मग काही कळायच्या आत झडप बसली, तीन वेढे पडले. मेलेल्या उंदराला इन्स्पेक्टरनं पुन्हा एकदा मारलं आणि डोक्याकडून सावकाश गिळलं.

"शाब्बास," ट्रेवर कुजबुजले. "आता दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. लावला तर ओकतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरात पुन्हा कुणीतरी जेवत होतं.

वृद्धाश्रमात मी त्यांना दर रविवारी गाडीनं न्यायचे आणि सोबत बसायचे. डोरीन खिडकीजवळच्या खुर्चीत असायची. ती ट्रेवरना ओळखत नव्हती. कधी त्यांना गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस समजायची, कधी डॉक्टर. ते तिच्यासमोर बसून गल्लीतल्या गोष्टी सांगायचे. सांगण्यासारखं संपलं तेव्हा एका रविवारी त्यांनी कबूल करून टाकलं.

"डोरीन, मी एक साप आणलाय. तुझ्या कपाटात ठेवलाय."

मी दचकले. डोरीननं मान तिरकी केली. "लहान आहे का?"

"लहान आहे."

"मग एकटा कशाला ठेवलात घरी? घेऊन यायचं की."

पुढच्या रविवारी घेऊन गेलो. तिच्याच भरतकामाच्या उशीच्या अभ्र्यात इन्स्पेक्टर, तो खोक्यात, खोक्याखाली गरम पाण्याची पिशवी. आज बसनं जाऊ, असं मी गमतीत म्हटलं, तर ट्रेवर तयार नव्हते. "सुट्टा साप बसमध्ये चालत नाही, नियम आहे. मीच किती जणांना उतरवलंय."

"सापवाल्यांना?" मी विचारलं.

"एकाला. त्याच्याकडं मुंगूस होतं."

वृद्धाश्रमातली शेरिल, डोरीनची काळजी घेणारी बाई, साबणाचं भांडं घेऊन दारातच उभी होती. "इन्स्पेक्टरसाहेबांना आत घ्या, पण नंतर सगळ्यांनी हात धुवायचे. आणि माझ्याकडं तोंड करून ठेवू नका त्याचं."

ट्रेवरनी अभ्रा उघडला. डोरीन किंचाळली तर लगेच बाहेर न्यायचा, असं आमचं ठरलं होतं. डोरीननं दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले. इन्स्पेक्टर तिच्या मनगटावरून हळूहळू फिरला, बाहीत डोकं घालून पाहिलं, परत बाहेर आला.

"किती कोरडा आहे," ती हसून म्हणाली. "मला वाटलं ओला असेल. अहो, बघा, माझ्या घड्याळाशी खेळतोय."

परतताना गाडी सिग्नलला थांबल्यावर ट्रेवर म्हणाले, "घाबरली नाही."

"चांगलं झालं ना?"

"तुला कळत नाही, पोरी. ती घाबरणारी बाई होती."

तरीही रविवार ठरून गेला. डोरीन वाट पाहू लागली. शेरिल सांगायची की सकाळपासून "सापवाला कधी येणार" चाललंय, न्याहारीसुद्धा नीट करते. ट्रेवर दारात दिसले की डोरीन टाळी वाजवायची. "आला! माझा सापवाला आला!" ट्रेवर टोपी काढून वाकायचे. नवरा म्हणून नाही, पण ती त्यांना ओळखत होती. ते नवा शर्ट घालायला लागले. तिच्या आवडीच्या आल्याच्या बिस्किटांचा पुडा न्यायला लागले.

आणि इन्स्पेक्टरनं खाणं सोडलं.

पहिल्या शनिवारी तोंड फिरवलं, दुसऱ्या शनिवारी कुंडीच्या तळाशी जाऊन बसला. ट्रेवरनी उंदीर जास्त गरम केला, बदलून पाहिला, दिवा मालवून पाहिला, आतच ठेवून दार लावलं. सकाळी उंदीर तसाच. खाण्याचा वार बुधवारी नेला म्हणजे रविवारपर्यंत विश्रांती मिळेल, तेही करून झालं. मी तापमान तपासलं, ओलावा तपासला. सगळं जिथल्या तिथं. मोठा साप महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, पण हे पिल्लू होतं. एप्रिल उजाडेपर्यंत त्याच्या पाठीचा कणा कातडीतून वर दिसायला लागला. हातात घेतलं की दोरी घेतल्यासारखं वाटायचं.

आमच्या परसातल्या भिंतीशी ट्रेवर चहाचा मग घेऊन उभे होते.

"तुम्हाला कारण माहीत आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"दर रविवारी खोकं, गाडी, इतके हात..."

"माहीत आहे म्हटलं ना." ते चिडले, मग खाली बघत म्हणाले, "त्याला नेलं नाही तर मी कोण? पुन्हा गॅसवाला."

"थोडे दिवसच. खायला लागला की परत नेऊ."

"आणि परत खाणं सोडलं की?" त्यांनी मगातला गार चहा झाडाच्या मुळाशी ओतला. "तिच्या आनंदासाठी त्याला उपाशी मारू, का? तिलाच विचारलं असतं, पण ती डोरीन आता नाही. होती तेव्हा मांजराच्या पिल्लासाठी नवऱ्याला उठवून पावसात पाठवायची."

त्या रविवारी ते रिकाम्या हातांनी गेले. डोरीननं टाळी वाजवली, मग त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"कुठंय?"

"घरी आहे. बरं नाही त्याला."

"मग तुम्ही कशाला आलात?"

शेरिल म्हणाली, "असं बोलतात का, डोरीन? एवढ्या लांबून आलेत ते." डोरीननं तोंड खिडकीकडे केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मग ती वाट पाहायची थांबली, आणि ट्रेवर पुन्हा मीटर बघायला येणारा माणूस झाले.

इन्स्पेक्टरला कुणी हात लावला नाही. त्याचे डोळे आधी दुधाळ निळे झाले, मग साफ झाले. एका सकाळी ओल्या शेवाळाच्या डब्यात त्याची कात पडलेली होती, ओठांपासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट. त्याच संध्याकाळी त्यानं उंदीर घेतला. ट्रेवरनी भिंतीवर ठोकून मला बोलावलं, पण मी पोचेपर्यंत उंदराच्या शेपटीचं टोक तेवढं तोंडाबाहेर उरलं होतं.

"त्याला नाही नेता येत," ते म्हणाले, "पण हे नेता येईल." त्यांनी कात सरळ करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टिपकागदावर ठेवली. "बघेल. हात फिरवेल. कदाचित सापवाला आठवेल."

व्हिटबीची ती पायरी त्यांना आठवली नाही, मलाही नाही. तिनं जिवंत साप अंगावर खेळवला होता. नुसत्या कातीचं आम्हाला काय वाटणार?

रविवारी त्यांनी तिच्या मांडीवर डबा ठेवून झाकण उघडलं. डोरीननं आत पाहिलं. तिचा चेहरा एकदम बदलला. खुर्चीचे हात घट्ट धरून ती जवळजवळ उभी राहिली, डबा खाली पडला, आणि ती ओरडली:

"ट्रेवर! बाहेर टाक ते! ट्रेवर!"

ती ट्रेवरकडेच बघत होती. त्यांनाच सांगत होती. कुठल्या पाहुण्याला नाही, आपल्या नवऱ्याला, जो हसत उभा राहायचा आणि ज्याच्यावर नंतर रुसायचं असायचं.

"टाकतो, टाकतो, डोरीन. हे बघ, टाकलं." ट्रेवर गुडघ्यावर बसले, हातानं कात गोळा केली आणि त्या वयात बागेतून पळत कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले. परत येताना धापा टाकत होते. चेहरा लाल, केस विस्कटलेले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

शेरिलनं डोरीनला पाणी दिलं होतं. तिचे हात अजून कापत होते. ट्रेवर तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"टाकलं बाहेर," ते म्हणाले. "मी टाकलं."

डोरीननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं," ती शिष्टाचारानं म्हणाली. "तुम्ही कोण?"

इन्स्पेक्टर त्यानंतर झपाट्यानं वाढला. पुठ्ठा सरकवून त्याला कपाटाचा आणखी थोडा भाग द्यावा लागला. पुढची कात जूनमध्ये पडली. मी त्यांच्याकडे यंत्राचा बिघाड बघायला गेले होते. ट्रेवर कात दोन्ही तळहातांवर घेऊन उभे होते. ओट्यावर बिस्किटांचा तो डबा झाकण उघडून ठेवलेला होता, त्यात नवा टिपकागदही घातलेला होता.

मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"नावानं हाक मारेल," ते म्हणाले. "हे दाखवलं की मारेल."

"मारेल कदाचित."

"पण हात कसे कापत होते तिचे. पाणी सांडत होतं."

ते मागच्या दारानं बाहेर गेले. कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं. बराच वेळ ते आत आले नाहीत, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. झाकण पुन्हा उघडून ते आत बघत होते. मग त्यांनी ते लावलं, आत येऊन हात धुतले, आणि इन्स्पेक्टरचा उंदीर गरम करायला किटली चढवली.