मंगळवार-शुक्रवार, पंधरा मिनिटं

दुकानाच्या माळ्यावर रिकामी पोती साचतात ना, तसे हे किस्से माझ्याकडे साचलेत. टाकवत नाहीत आणि कोणी विकतही घेत नाही! हल्ली गिऱ्हाईक माझ्या काउंटरला टेकून मोबाईलवर सिनेमा बघतं आणि दोन मिनिटं रेंज गेली की कंपनीच्या सात पिढ्या उद्धरतं. तेव्हा मला आमच्या वाचनालयाचं इंटरनेट आठवतं. मी समितीवर होतो. शिक्षण सातवी, पण कपाटं मी दिली होती!

*

उद्‌घाटनाला कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला. मोडेम किरकिरायला लागला. अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, गुरुजी. ते म्हणाले, "आता जग आपल्या दारात येत आहे."

जग काही येईना. दोन भाषणं झाली, चहा झाला, पडद्यावर एक निळी पट्टी तेवढी उमटली. शेवटी गुरुजी माझ्या कानाला लागले, "शेट, आभार उरकून घ्या. बिल चढतंय!"

*

मीही हौसेनं घरी कनेक्शन घेतलं. म्हटलं, काजूबीचा भाव बघू. सकाळी बसलो तो तासाभरानं पान उघडलं. भाव होता आदल्या आठवड्याचा!

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा फोन. "काय शेट, काल सकाळभर फोन एंगेज! चांगला भाव देणार होतो. मग फोंडाघाटातच माल उचलला."

इंटरनेट चालू असलं की फोन बंद, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच महिन्यात कनेक्शन कापलं.

*

वाचनालयाचं पहिलं बिल आलं आणि त्या वर्षी एकही नवं पुस्तक आलं नाही. समिती बसली. ठराव झाला : मंगळवार आणि शुक्रवार, पंधरा-पंधरा मिनिटं. ग्रंथपाल सुमननं गावकऱ्यांच्या मेल छापायच्या आणि लाइन तोडायची.

गुरुजींनी पुढचं कलम घातलं, "कागद वाचनालयाचा, शाई वाचनालयाची. म्हणजे पत्र वाचनालयाचं. शिक्का मारा, नोंद करा, संदर्भ विभागात ठेवा. बाहेर नेता येणार नाही."

सगळ्यांनी हात वर केले. मीसुद्धा.

*

यात सापडले आबा. त्यांचा मुलगा परदेशी जहाजावर. त्याची पत्रं यायची ती मेलनंच. आबा टेबलाशी बसून वाचायचे. पण त्यांची बायको, आमच्या काकी, अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांना मुलाचं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं.

आबा समितीपुढे आले. "एक रात घराक व्हरतंय. सकाळी हाडून दितंय."

गुरुजी ऑफिसच्या मराठीत म्हणाले, "संदर्भग्रंथ घरी देत नाहीत, आबा."

"अहो, ग्रंथ खंयचो? माझ्या झिलाचा पत्र ता!"

"तुम्ही उतरवून घ्या."

आबांनी कापरा हात पुढे धरला. ठराव काही बदलला नाही. शेवटी ते पत्र पाठ करायला लागले. रस्त्यानं पुटपुटत जायचे. कोणी "आबा, खंय?" म्हटलं तरी उत्तर नाही, कारण बोलले की पुढची ओळ जायची! घरी पोचेपर्यंत निम्मं सांडलेलं. काकी विचारायच्या, "आणि माका काय लिवल्यान?" तेवढंच नेमकं आठवायचं नाही.

*

एका शुक्रवारी मुलानं फोटो पाठवला. फोटो वरून खाली, ओळीओळीनं उतरायला लागला. आधी आभाळ. मग टोपी. मग कपाळ. आबा खुर्चीवरून अर्धवट उठलेले. डोळे दिसले, नाक दिसलं आणि पंधरा मिनिटं संपली. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. सुमननं लाइन तोडली आणि आलं तेवढं छापलं.

तिनं शिक्का उचलला, तर गुरुजी म्हणाले, "थांब. फाटकं, अपुरं पुस्तक आपण दाखल करून घेत नाही. हे यांना देऊन टाक."

आबांनी कागद छातीशी धरला आणि तडक घर गाठलं.

मंगळवारी सुमननं मशीन चालू केलं, तेव्हा आबा दारातच उभे होते. हळूच म्हणाले, "सुमन, आता पत्रां पण अर्धीच छाप गो!"