अँटेनावर सुकलालचा हात

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच — सुकलाल तिचा सख्खा भाऊ. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

नव्वदीतलं लिंबायत — गावाकडून आलेल्या माग-कामगारांची वस्ती. बायको तेव्हा शिरपूरकडे, माझ्या गावी असायची. मी आणि सुकलाल इथे लूमवर. गल्लीत टीव्ही एकच, माझा. रविवारी सकाळी विज्ञानकथांची मालिका लागायची — दर आठवड्याला नवी कथा, नट मात्र फिरून तेच. अर्धी गल्ली माझ्या खोलीत आणि सुकलालचा दर वेळी एकच प्रश्न, "दाजी, हाऊ ते मांगला रविवारले मरी गयथा ना?" यंत्रमानव रडलेला त्याला चालायचा, पण मेलेला नट परत आलेला नाही. समजावून मी थकलो.

एकदा वाऱ्याने अँटेना फिरला. सुकलाल पत्र्यावर चढला, अँटेना धरून उभा राहिला, चित्र आलं. आणि खोलीत काय शांतता — प्रश्न विचारणारा वर! माझ्या मनात पाप आलं ते तिथेच. नंतर मी अँटेना तारेने घट्ट बांधला — पण त्याला म्हणालो, तुझ्या अंगात काहीतरी आहे, तू हात काढलास की पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात. त्याने नाक खाजवलं तरी मी खालून ओरडायचो, "गेलं, गेलं." समोर चित्र लख्ख. गल्लीही गप्प — पण त्यांच्यावर कशाला ढकलू? खोटं माझं.

तो मात्र फुशारला. डोक्यावर ओला पंचा टाकून उन्हात उभा राहायचा.

मग आखाजी आली. आमच्याकडे या सणाला भाऊ बहिणीला सासरहून माहेरी न्यायला येतो. सुकलालला रविवारीच निघायचं होतं. पिशवी भरलेली, आणि मला विचारतो — मी गेलो तर गल्लीने बघायचं कसं? माझा एक शब्द पुरला असता. मी काय म्हणालो? "तुझं तू बघ."

तो पत्र्यावर चढला. तिकडे माझी बायको नवं लुगडं नेसून दिवसभर ओट्यावर बसून राहिली. पुढे कित्येक वर्षं ती भावाशी बोलली नाही. अजूनही आखाजीला टोमणा मारते — "मना भाऊ टीव्ही धरस." मी शेजारी बसून पुरणपोळी खातो. त्या रविवारची कथा कोणती होती, तेही आठवत नाही.

परवा त्याच्या घरी पावसात टीव्हीचं चित्र गेलं. सुकलाल आता साठीचा; गुडघा धरत गच्चीवर डिश धरायला गेला. तो पोचण्याआधीच चित्र परत आलं होतं.

वरून हाक आली, "दाजी, चित्र उनं का?"

"उनं," मी म्हणालो. "हात काढू नको."